हातचा हलवा

मार्गशीर्ष सरून पौषाची थंडी पडूं लागली, कीं दुकानांच्या दर्शनी कपाटांतून हलव्याच्या दागिन्यांचे संच दिसूं लागतात. पारदर्शक झांकणाचा डबा. आंत तांबड्या नाहीं तर काळ्या कागदावर मांडलेलें मंगळसूत्र, बांगड्यांचा जोड, नथ, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. बाळाचा संच असेल तर मुकुट आणि बांसरी. जांवईबापूंसाठीं हार, अंगठी, नारळ, आणि गंमत म्हणून हलव्याचें मनगटी घड्याळसुद्धां असतें. पैसे मोजले, डबा घेतला, काम झालें. हे संच करणाऱ्या बहुधा घरगुती बायकाच असतात आणि त्यावर कित्येकींच्या संसाराला हातभार लागतो. तेव्हां त्यांच्या कष्टाला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ज्या घरांतून नवराबायको दोघेंही सकाळीं आठाला बाहेर पडतात, तेथें विकतचा संच आणला तर त्यांत कमीपणा कसला? परंतु ज्यांना थोडी सवड आहे, किंवा खटपट केल्यास ती काढतां येण्यासारखी आहे, त्यांनीं एकदां तरी हा उद्योग घरीं करून पाहावा, म्हणून हें लिहीत आहें. शिवाय या हलव्याशीं आमच्या घरांतली एक हकीकत जोडलेली आहे; ती बाजूला ठेवून नुसती कृति सांगणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

विकतच्या संचांत सर्व कांहीं असतें; नसतें तें माप. तो कोणाच्याही गळ्यांत बसावा अशा बेतानें केलेला असल्यामुळें कोणाच्याच गळ्यांत नीट बसत नाहीं. ठुशी गळ्याच्या खांचेंत बसावयाची, चिंचपेटी तिच्याही वर मानेला लगटून, तन्मणी त्यांच्या खालीं मोकळा लोंबता. उंच मानेच्या मुलीला जें खुलतें, तें ठेंगण्या, भरल्या अंगाच्या मुलीला खुलत नाहीं. म्हणून घरीं दागिने करावयाचे, तर जिच्यासाठीं करावयाचे तिला आधीं चार दिवस न्याहाळावें. साखर त्यानंतर आणावी. तिची मान किती, मनगट किती, कानाच्या पाळ्या नाजूक आहेत कीं कसें, नाकाची कोणती बाजू टोंचलेली आहे, हें तिला न विचारतां जाणून घेण्यांत अर्धी मौज आहे. बांगडीचें माप हवें असेल तर तिची रोजची बांगडी न्हाणीघराच्या कोनाड्यांत सांपडते. ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरविली कीं झालें.

हलव्याला जिन्नस म्हणाल तर दोनच, तीळ आणि साखर. तिळांऐवजीं खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे, बडीशेप, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, भोपळ्याच्या किंवा कलिंगडाच्या बिया यांचाही हलवा होतो, आणि दागिन्यांसाठीं असा लहानमोठा दाणा लागतोच. नथीला खसखशीचा बारीक, बांगडीला तिळाचा, हाराला साबुदाण्याचा गोल, पदकाला मधोमध एखादी लांबट बी.

दोन वाट्या साखरेंत एक वाटी पाणी घालून उकळावें आणि चमचाभर दूध सोडावें. मळी वर येते, ती काढून पाक स्वच्छ फडक्यांतून गाळून घ्यावा. पाक फार दाट झाला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. फार पातळ राहिला तर ते नुसते भिजून बसतात. दोन बोटांत धरून पाहतांना तार येऊं लागली, कीं उतरवावा. मग कल्हईच्या परातींत पाव वाटी पांढरे, निवडून पाखडलेले तीळ घेऊन परात मंद निखाऱ्याच्या शेगडीवर ठेवावी. हल्लीं शेगड्या राहिल्या नाहींत; गॅसच्या बारीक आंचेवर जाड तवा आणि तव्यावर परात, असें केल्यानेंही चांगलें साधतें. आतां चहाच्या चमच्यानें एकच चमचा पाक घालावयाचा आणि पसरलेल्या बोटांनीं दाणे एकसारखे फिरवावयाचे. ते सुटे होऊन परातींत कोरडे वाजूं लागले, कीं दुसरा चमचा. बोटें पोळतात, शेजारीं ओलें फडकें ठेवून त्यावर तीं मधून मधून टेकवावीं, परंतु पुसून कोरडीं केल्यावांचून पुन्हां परातींत घालूं नयेत. घाई झाली, आंच वाढली, कीं आलेला कांटा विरघळतो आणि दोन दिवसांची मेहनत पिवळी पडते. हा शेरा अनुभवाचा आहे.

पहिल्या दिवशीं कांहींच होत नाहीं. तीळ थोडे फुगल्यासारखे दिसतात इतकेंच. दुसऱ्या दिवशीं ते पांढरे होतात. नवशिकी बाई येथेंच कंटाळते आणि दुकानाची वाट धरते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं परात उजेडाला तिरपी धरली, म्हणजे दाण्यादाण्यावर बारीक टोंकें उठलेलीं दिसतात. त्यानंतर मात्र परातीवरून उठवत नाहीं. चांगल्या कांट्याला पांच दिवस लागतात, कोणी आठही घेतात. पाव वाटी तिळांना दोन वाट्या साखर सहज जिरते. खालीं सुटलेला साखरेचा भुगा रोज चाळून काढावा आणि तो दुसऱ्या दिवशींच्या पाकांत घालावा. रात्रीं हलवा घट्ट झांकणाच्या डब्यांत. आभाळ आलें असेल त्या दिवशीं परात चढवूंच नये. दमट हवेंत पाक सुकत नाहीं आणि कांटा बोथट होतो. आमच्याकडे हें काम पहांटेचें असे, कारण त्या वेळीं घरांतलीं माणसें निजलेलीं.

हा कांटा कां येतो, असें माझ्या मुलानें लहानपणीं विचारलें होतें आणि त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. उत्तर असें, कीं दाण्यावर पाक सगळीकडे सारखा कधींच बसत नाहीं. कोठें तरी किंचित उंचवटा राहतो. दाणा परातींत लोळतो तेव्हां तो उंचवटाच तापल्या धातूला आणि ताज्या पाकाला आधीं भिडतो, तेथें साखर आधीं सुकते, आणि उंचवटा आणखी उंच होतो. खळगे मागें राहतात. जपानांत ‘कोंपेइतो’ नांवाची अशीच कांटेरी खडीसाखर असते. तिला हें नांव पोर्तुगीज शब्दावरून पडलें. लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज पाद्र्यानें १५६९ सालीं ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती कांचेच्या पात्रांतून नजर केली होती. तोच फ्रॉइश जपानास जाण्यापूर्वीं बरींच वर्षें आपल्या गोव्यांत होता. पूर्वीं तिच्या गाभ्याशीं खसखशीचा दाणा असे. तिचे कारागीर तापलेली तिरपी कढई फिरवीत ठेवून दोन आठवडे पाक शिंपडतात. तिच्या कांट्यांचें कोडें तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या तिकडच्या नामांकित भौतिकशास्त्रज्ञालाही सुटेना, तेव्हां त्यानें त्यावर निबंध लिहिला. आपल्या स्वयंपाकघरांत पहांटे चालणाऱ्या कामावर एका शास्त्रज्ञानें डोकें खपविलें, हें वाचल्यावर मला, कां कोण जाणे, आत्याबाईंची आठवण झाली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. वर सांगितलेली कृति त्यांची. नवव्या वर्षीं लग्न आणि अकराव्या वर्षीं वैधव्य; मुलींच्या लग्नाच्या वयाचा शारदा कायदा १९२९ सालीं झाला, त्याच्या तीस वर्षें आधींचें हें लग्न. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं पुण्याजवळ हिंगण्यास गेला होता. सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्यापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर. परंतु आत्याबाईंना तेथें पाठवावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, किंवा आलें असल्यास तें ओठांपर्यंत पोहोंचलें नाहीं. त्या माहेरीं परत आल्या आणि पुढचीं अडुसष्ट वर्षें त्याच वाड्यांत राहिल्या. त्यांच्या हातचें सोंवळें इतकें कडक, कीं देवाचा नैवेद्य आणि श्राद्धाचा स्वयंपाक दुसऱ्या कोणाच्या हातचा चालत नसे. तेच हात हळदीकुंकवाच्या बैठकींत मात्र चालत नसत. आणि गंमत अशी, कीं संक्रांतीचा हलवा त्यांचाच. घरांत येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेचे, प्रत्येक माहेरवाशिणीचे आणि बोरन्हाणाच्या प्रत्येक बाळाचे दागिने त्याच करीत.

माझी पहिली संक्रांत १९६७ सालची. मी त्या घरांत येऊन आठ महिने झाले होते. पौषांतल्या एका दुपारीं आत्याबाईंनीं मला जवळ बसवून घेतलें आणि सुताची लड माझ्या गळ्यांत अडकवून ती गुंडाळावयास घेतली. लड गुंडाळतां गुंडाळतां त्यांनीं सूत दोनदां माझ्या मानेभोंवतीं धरलें, एकदां मनगटाला. मला वाटलें, सुताचा गुंता निघत नाहीं. पुढें संक्रांतीच्या दिवशीं मला काळी चंद्रकळा नेसवून पाटावर बसविलें, पांच सुवासिनी जमल्या, आणि त्यांनीं एकेक दागिना अंगावर चढविला. काळ्या लुगड्यावर तो पांढरा हलवा काय शोभत होता! चिंचपेटी गळ्याला अशी बसली, कीं जणूं सोनारानें माप घेतलें होतें. तेव्हां कोठें लडीचा अर्थ माझ्या ध्यानांत आला. मीं मान वळवून पाहिलें. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआड होत्या. दाराच्या कडेवर त्यांचीं चार बोटें तेवढीं दिसत होतीं, परातीवर पोळून लाल झालेलीं. मी त्या वेळीं वीस वर्षांची. त्यांत कांहीं वावगें आहे असें मला वाटलें नाहीं, हें आज लिहितांना मला लाज वाटते.

आतां दागिने गुंफण्याविषयीं. हलव्याच्या दाण्याला सुईनें भोंक पाडूं जाल, तर दाणा फुटेल. दोऱ्याचा फांस करून त्यांत दाणा अडकवावयाचा आणि गांठ आवळावयाची. दोरा कांट्यांत धरला जातो, सुटत नाहीं. लगेच दुसरा फांस, दुसरा दाणा. दोरा पांढरा, बारीक, पण पिळाचा हवा. अशा सरी तयार झाल्या, कीं पातळ पुठ्ठा हव्या त्या आकारांत कापून त्यावर काळें कापड किंवा सोनेरी कागद चढवावा आणि त्यावर सरी टांकून घ्याव्या. मधून मधून एखादा सोनेरी मणी किंवा जरीची टिकली शोभते, मात्र हात आंवरावा. टिकल्यांचा चकचकाट झाला, कीं हलवा दिसत नाहीं, आणि पाहावयाचा तर तोच असतो. मंगळसूत्राला काळे मणी हवेतच. पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूला जुन्या मलमलीचें अस्तर लावावें; नाहीं तर कांटा कातडीला टोंचतो आणि नवी नवरी लाजेनें तें सांगतही नाहीं.

बाळाचे दागिने निराळ्या रीतीनें करावे. त्यांना टांचणी नको, डिंक नको, मणी तर मुळींच नको. बाळ पहिल्या क्षणाला मुकुट ओढतें आणि दुसऱ्या क्षणाला बाजूबंद तोंडांत घालतें, हें गृहीत धरूनच सगळें करावें. दाणा तिळाचा किंवा खसखशीचाच घ्यावा. शेंगदाण्याचा मोठा दाणा घशांत अडकण्याची भीति असते. म्हणूनच बोरन्हाणाच्या वेळीं डोक्यावरून ओतावयाच्या बोरें, हरभरे, उंसाचे करवे, चुरमुरे यांतलें कांहीं बाळाच्या मुठींत राहिलें नाहीं ना, हेंही एकीनें पाहत राहावें. हे दागिने अंगावर राहतात पाव घटका. तेवढ्यासाठीं आठ दिवस खपावयाचें, हा वेडेपणा खराच.

आत्याबाईंच्या गुंफणींत एक विशेष होता. त्यांचीं कांकणें बंद नसत. कडें एका जागीं कापून दोन्ही टोंकांना काळी रेशमी फीत लावलेली असे. गळ्यांतल्या दागिन्यांनाही तसेंच. आणि त्या फिती वीतभर लांब. मला पुष्कळ वर्षें ती शोभेची गोष्ट वाटे. १९७४ सालीं माझ्या नणंदेच्या मुलाचें बोरन्हाण निघालें, त्या वेळीं आत्याबाई जाऊन पांच वर्षें झालीं होतीं, आणि परात माझ्या हातीं आली होती. मीं बाजूबंद केला आणि सवयीनें वीतभर फीत लावली. ती लांब फीत बाळाच्या चिमुकल्या दंडाला भारीच गैरसोयीची दिसली. माझ्या हातानें बांधावयाची असती, तर दोन बोटें फीत पुरली असती; कारण दाणे कोठें नाजूक आहेत, गांठ कोठें दाबावी आणि कोठें नाहीं, हें करणारीला ठाऊक असतें. ज्या बाईनें दागिना केलेला नाहीं, तिला हाताळावयास लांब फीत लागते. आत्याबाईंना प्रत्येक दागिना करतांना हें माहीत होतें, कीं तो बांधावयाचा हात त्यांचा नसणार. परातीशीं बसून मला एकटीलाच रडूं आलें. घरच्यांना वाटलें, बोट पोळलें.

गावांतल्या गांवांत दागिने पोहोंचवावयाचे तर पूर्वीं तबकांत मांडून वर विणलेला रुमाल घालून नेत. क्रोशाच्या जाळीच्या रुमालांतून खालचा हलवा दिसे आणि दिसतही नसे. बांधणीचा याहून सुरेख प्रकार मला माहीत नाहीं. रुमाल आणि तबक परत येई, आणि तें रिकामें येत नसे. कांहीं नाहीं तर चार बोरें तरी त्यांत असत. बाहेरगांवीं पाठवावयाचे म्हणजे मोठें काम. ग्वाल्हेरच्या नणंदेसाठीं बिस्किटांचा पत्र्याचा डबा जपून ठेवलेला असे. डबा भरून झाला, कीं त्याला मांजरपाटाचें वेष्टण घालून तें चारी बाजूंनीं शिवावयाचें, शिवणीवर लाखेचे ठसे, आणि वर शाईच्या पेन्सिलीनें पत्ता. एके वर्षीं तो डबा उघडला तेव्हां आंत हलव्याचा एक ओला गोळा निघाला. दोष टपालाचा नव्हता, माझा होता. डब्यांत जागा उरली म्हणून मीं कडेला तिळगुळाचे लाडू भरले होते. गूळ हवेंतलें पाणी ओढून घेतो आणि पाझरतो, आणि कोरड्या साखरेला तेवढें पुरतें. नणंदेनें पत्रांत लिहिलें, “लाडू फार छान झाले होते.” दागिन्यांविषयीं एक अक्षर नाहीं. एवढा सभ्यपणा मला कधीं साधला नाहीं.

तेव्हांपासून मी डबा असा भरतें. तळाशीं कापूस, त्यावर कोरडा कागद. प्रत्येक दागिना जुन्या मलमलीच्या तुकड्यांत निराळा गुंडाळलेला. मलमल धुवून, उन्हांत वाळवून, गार करून घेतलेली. जो दागिना शेवटीं घालावयाचा तो खालीं, जो पहिल्यांदां घालावयाचा तो सर्वांत वर, म्हणजे ऐन वेळीं उपसाउपस होत नाहीं. कोंपऱ्यांत तांदळाची पुरचुंडी; तांदूळ कोरडे भाजून गार केलेले असावे, ते डब्यांतला ओलावा शोषून घेतात. एका कागदाच्या पुडींत मूठभर सुटा हलवा, आणि त्याच पुडीला टोंचलेली, पांढरा दोरा ओंवलेली सुई. प्रवासांत चार दाणे निखळतातच. ते तेथल्या तेथें बसवितां यावे. ही सुई आत्याबाईंची. हल्लीं घट्ट झांकणाचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात आणि काम पुष्कळ सोपें झालें आहे. अमेरिकेंत थंडीच्या प्रदेशांत राहणाऱ्या आपल्या मुलींकडे तर हिंवाळ्यांत घरें तापवून हवा इतकी कोरडी झालेली असते, कीं तेथें हलवा पुण्यापेक्षां चांगला टिकतो. मुंबईकरणींनीं मात्र डबा समारंभाच्या घटकेपर्यंत उघडूं नये.

आतां गेल्या संक्रांतीची गोष्ट. वाडा जाऊन तेथें इमारत झाली. तरी आम्ही दोघी जावा एकाच जिन्यावर राहतों, आणि दुपारचा चहा एकत्र होतो. माझ्या नातवाचें लग्न मार्गशीर्षांत झालें. त्याआधीं भाद्रपदांत धाकटे भावोजी गेले. माझे हात आतां कांपतात. परातीचें काम मला होत नाहीं, तें गेलीं कित्येक वर्षें धाकटी जाऊच करते. लग्नाच्या गडबडींत मला तिच्यापाशीं विषय काढवेना. तीच एके दिवशीं चहा ओततां ओततां म्हणाली, “वहिनी, हलवा मीच करतें. फक्त घालतेवेळीं मला बोलावूं नका.”

तिला अडविणारें आमच्या घरांत कोणी राहिलेलें नाहीं. माझी सून बँकेंत अधिकारी आहे, नातसून वैद्यकीचें शिकलेली. असल्या गोष्टी त्यांच्या ध्यानींमनींही नसतात. अडत होती ती स्वतः तीच. तिच्याशीं वाद घालून कांहीं उपयोग होणार नाहीं, हें मी पन्नास वर्षांच्या सहवासानें जाणून आहें. मीं नुसतें “बरं” म्हटलें.

तिनें नऊ दिवस परात सांभाळली. असा कांटा मीं आत्याबाईंनंतर पाहिला नव्हता. नातसुनेचें माप तिनें कसें घेतलें, तें मला कळलें नाहीं; विचारलें तर हंसली. संक्रांतीच्या आदल्या रात्रीं डबा माझ्या खोलींत आणून ठेवला. मीं वरचें कापड उचलून पाहिलें. चिंचपेटी, तन्मणी, कांकणें, बाजूबंद; प्रत्येकाच्या टोंकांना वीतभर काळी फीत. मीं तिला शिकविली होती तश्शी, आणि मला आत्याबाईंनीं शिकविली होती तश्शी. मीं कात्री घेतली आणि सगळ्या फिती दोन दोन बोटें ठेवून कापून टाकल्या.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नातसून काळी पैठणी नेसून पाटावर बसली. बायका जमल्या. सुनेनें चिंचपेटी गळ्याला लावली आणि गांठ मारूं गेली, तों फीत बोटांतून निसटली. पुन्हां धरली, दोन दाणे निखळून मुलीच्या मांडीवर पडले. शेजारणीनें प्रयत्न केला. तिलाही साधेना. नातसून मान न हलवितां म्हणाली, “धाकट्या आजी कुठें आहेत? त्यांनीं केलंय, त्यांना बांधतां येईल.”

आंतून उत्तर आलें, “फिती चांगल्या लांब आहेत गं, सावकाश बांधा.”

“लांब कुठें आहेत? दोन बोटंसुद्धां नाहींत.”

जाऊ पदराला हात पुशीत दारापर्यंत आली. तिनें चिंचपेटी पाहिली, डब्यांतलीं कांकणें पाहिलीं, आणि मग माझ्याकडे पाहिलें. मी खुर्चींत बसलें होतें आणि तिळगुळाच्या वाट्या मोजीत होतें. ती कांहीं बोलली नाहीं. येऊन मुलीच्या पाठीशीं बसली आणि गांठ बांधली. मग तन्मणी. मग दोन्ही हातांचीं कांकणें; त्यासाठीं नातसुनेनें पाटावरच वळून दोन्ही मनगटें तिच्यापुढें धरलीं. सगळें होण्यास पाव तास लागला असेल. निखळलेले दोन दाणे तिनें जागच्या जागीं बसविले. सुई ओंवलेलीच होती.